वाम खायची तालीम

११ जानेवारी

वाम! सापासारखा लांबडा, बुळबुळीत मासा. तो म्हणे मी खायचा! माझ्या घरात आजवर अंडंसुद्धा आलेलं नाही.

आभाचा जपानहून फोन होता. तिच्या केंजीच्या घरचं पिढीजात हॉटेल आहे, भाजलेल्या वामचं. पुढच्या महिन्यात आम्ही दोघं नवराबायको तिकडे जाणार, लग्नाची बोलणी करायला. त्या घराची पद्धत तिने आज सांगितली — मुलीच्या बापाने त्यांच्या हातचा मासा खाल्ला की सोयरीक पक्की. आपण सुपारी फोडतो तसं. नाही खाल्ला, तर विषय तिथेच संपला.

"तुम्हाला नाही ना जमणार, बाबा?" दोनदा विचारलं तिने. आवाज अगदी बारीक झाला होता पोरीचा. बघू म्हणालो. मग जेवण गेलं नाही.

१२ जानेवारी

माझ्या सोवळ्यापायी पोरीचं लग्न मोडायचं? छे!

१८ जानेवारी

ऑफिसातला जुना सोबती अमरसिंग, त्यालाच गाठलं. पद्मजाला सांगितलं, पेन्शनच्या कामाला चाललो. रविवारी कसलं पेन्शनचं काम, हे तिच्या लक्षात आलं नाही, नशीब!

अमरसिंगने बेंबळा धरणावरून वाम आणून ठेवली होती. मानीबाईने — त्याच्या बायकोने — लालभडक रस्सा केला. "भाऊजी, तिखट जास्तीचं टाकलं. वास नाई येत मंग."

"साहेब, डोये मिटा अन् गिळा," अमरसिंग म्हणाला. "कायले इतका विचार करून राह्यले!"

एक घास घेतला आणि मोरीकडे धावलो. सगळं बाहेर! साठी उलटलेला माणूस मी, आणि मानीबाई पाठ चोळून देतेय. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी निघताना म्हणालो, पुढच्या रविवारी येतो.

२५ जानेवारी

तीन घास टिकले.

घरी पद्मजाने शर्ट हुंगला. "काहून हो, हा कसला वास?" सांगून टाकलं सगळं. ओरडली नाही. शर्ट वेगळा भिजवला. म्हणाली, "आज देवघरात जाऊ नका." आईची तसबीर तिथेच आहे. दिवसभर त्या बाजूला बघवलं नाही.

१ फेब्रुवारी

अख्खा तुकडा! अमरसिंगने टाळ्या वाजवल्या. आभाला यातलं काही सांगितलेलं नाही, एकदम तिथेच दाखवू.

संध्याकाळी तिचा फोन. केंजीचे वडील आजारातून उठले, पण आता त्यांच्याच्याने हॉटेल होत नाही. मग म्हणाली, "तुम्ही नाही म्हणालात ना बाबा, तरी मला वाईट वाटणार नाही. खरंच." किती जपते मला!

८ फेब्रुवारी, जपान

झालं! खाल्लं!

हॉटेल लहानसं, लाकडी. ऑर्डर दिल्यावर मासा चिरतात, मग भाजतात. तोवर नुसतं बसून राहायचं. कोळशाचा धूर आणि गोड पाक करपल्याचा वास. पद्मजाने उपास सांगून सुटका करून घेतली. आभा समोर बसून सारखी पाणी पीत होती. केंजीचे वडील इतके थकलेले, तरी शेगडीशी स्वतः उभे.

मग काळा चकचकीत डबा आला. भातावर तपकिरी तुकडे — आणि तिखटाचा पत्ता नाही! माझी सगळी तालीम मानीबाईच्या तिखटावर झालेली. पहिला घास घशातच अडला.

"राहू द्या ना, बाबा," आभा हळूच म्हणाली. "मी सांगते त्यांना."

मी मान हलवली आणि खात गेलो. शीत न शीत संपवलं. केंजीचे वडील कमरेत वाकले. केंजीच्या आईने आभाचे दोन्ही हात धरले. आभा ढसाढसा रडली. माझेही डोळे भरून आले. आयुष्यात पोरीसाठी काहीतरी केलं एकदाचं!

१७ फेब्रुवारी, यवतमाळ

आभाचा फोन. माझ्याशी नाही, पद्मजाशी बोलली. नोकरीचा राजीनामा दिला. आता हॉटेल तिनेच बघायचं, तसं त्या घरात ठरलंय. बाकीचं पद्मजाने मग मला सांगितलं, आभाच्याच शब्दांत.

"आई, मला नको होतं गं हे लग्न. सगळे इतके चांगले वागतात, माझ्याच्याने नाही म्हणवेना. वाटलं, बाबा तोंडालासुद्धा लावणार नाहीत. आपोआप मोडेल."