खडूची अकरा वर्तुळे

मी, एबनीझर लॅमंट, वय एकोणसत्तर, राहणार पोर्ट ग्लासगो, पूर्वी गोदीतला रिव्हेट-तपासनीस, नंतर जहाजी साखळ्यांच्या कारखान्याचा मालक, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय करतो. दारू घेतलेली नाही. वकिलांनी जवळ येऊन खात्री केली आहे.

डॉक्टर बेर्ड यांनी गेल्या आठवड्यात मंगळवारी माझ्या छातीवर बोटे वाजवली. आवाज मी त्यांच्याआधी ओळखला.

"सैल आहे ना?" मी विचारले.

"लॅमंट, फी आता कोणी कोणाला द्यायची?" ते म्हणाले. हसले मात्र नाहीत.

१. राहते घर बहीण जेसी हिला. तिने एकवीस वर्षे मला ओटची पेज खारट करून घातली, तरीही.

२. चुलतभाऊ आर्चीने एकोणीसशे एकोणीस साली नेलेली शिडी त्याच्याकडेच राहू द्यावी. ती कुजकी आहे, हे मला तेव्हाही ठाऊक होते.

३. कारखाना मुलगा कॉलिन याला. मात्र पुढच्या कलमाला त्याने हरकत घेतल्यास कारखाना कामगारांच्या दवाखान्याकडे जाईल. अट घालण्याचे कारण, तो मला म्हणाला, "बाबा, आत्ता कुठे आरमाराच्या ऑर्डरी यायला लागल्यात. जुनं कशाला उकरता? लोक आपल्याकडून खिळासुद्धा घेणार नाहीत."

४. सव्वीस सालच्या एप्रिलमध्ये 'लेडी एल्स्पेथ' हे मालवाहू जहाज एका दुपारी भरतीच्या पाण्यात सोडायचे होते. रिव्हेट म्हणजे पत्रे सांधणारे जाड खिळे; ते ठोकणारे सगळे त्या दणदणाटाने बहिरे. मी कानात लोकर कोंबून कान राखले आणि त्यावरच पोट भरले. घट्ट रिव्हेटवर हातोडी मारली की टण्ण वाजते, सैल असले की थप. सैल रिव्हेटभोवती खडूने वर्तुळ काढायचे, मग टोळी ते कापून नवे ठोकते. त्या सकाळी मागच्या खणाच्या तळाला मी अकरा वर्तुळे काढली.

मुकादम गिलख्रिस्ट आला. "लॅमंट, भरती दोन वाजता आहे. तिला थांबायला सांगू का, तुझा निरोप म्हणून?" मग हळूच म्हणाला, "पुढच्या महिन्यात मला हाताखाली माणूस लागणार आहे."

ती वर्तुळे मी माझ्याच बाहीने पुसली. महिन्याभरात मी उपमुकादम झालो. पुढचे सगळे त्यातून उभे राहिले.

चौतीसच्या जानेवारीत ते जहाज कप्तानासह तेवीस माणसे घेऊन बुडाले. शेवटची तार होती, 'मागच्या खणात पाणी.' चौकशीत ठरले, की कप्तान रॉडरिक मॅकनील यांनी जहाज खडकाला घासले आणि ते लपवले. मी तिसऱ्या बाकावर बसून ऐकत होतो.

तेव्हा मंदीने नदीवरचे हातोडे बंद पडले होते. त्या शांततेत मला थप ऐकू येऊ लागले. जेसीने बशीत कप ठेवला तरी, शेजाऱ्याने दार लावले तरी. अकरा वेळा, मग थांबते. आता आरमाराच्या विनाशिका युद्धनौकांचे काम आले आहे, नदी दिवसभर दणदणते; तरी त्यातून ते अकरा मला वेगळे ऐकू येतात.

ही माझी लबाडी होती. येथे आधी मी 'चूक' लिहिले होते. मसुदा वाचायला दिला, तेव्हा कप्तानांच्या पत्नी मोरॅगबाईंनी तो शब्द खोडायला लावला.

५. मोरॅगबाईंना नदीकाठची दोन घरे द्यायची आणि कलम चार माझ्या मृत्यूनंतर वर्तमानपत्रात छापायचे, असे मी ठरवले होते. त्यांनी कागद टेबलावर ठेवला.

"घरं नकोत. आणि छापायचं कधी म्हणालात?"

"मी गेल्यावर."

"चार वर्षं गल्लीत माझ्याशी कोणी धड बोलत नाही, लॅमंट. आता तुम्ही कधी मरताय, याची वाट बघत बसू?"

मी मसुद्यातल्या या कलमावर काट मारली.

म्हणून हे कलम रद्द. कलम चार मी स्वतः येत्या शनिवारी दुपारी, सुट्टीचा भोंगा झाल्यावर, गोदीच्या फाटकाशी मोठ्याने वाचेन. निम्म्यांना ऐकू येणार नाही. ते ओठ वाचतात, त्यामुळे तोंड त्यांच्याकडे करून सावकाश वाचेन. दोन्ही घरे जेसीला.

ज्याला या पत्राने काहीही मिळत नाही, अशाच माणसाने साक्ष करावी, असे वकील म्हणाले. मोरॅगबाईंनी टाक उचलला. "ही माफी समजू नका," त्या म्हणाल्या. "मी वाचलं, एवढ्याचीच सही आहे."

पोर्ट ग्लासगो, बुधवार, १९ ऑक्टोबर १९३८

(सही) एबनीझर लॅमंट

साक्षीदार:
(सही) ह्यू बेर्ड, डॉक्टर
(सही) मोरॅग मॅकनील, कप्तान रॉडरिक मॅकनील यांची पत्नी. शनिवारी फाटकाशी हजर राहीन.