शेवटचं खापर

२ सप्टेंबर

पोचले एकदाची! खोली दुसऱ्या मजल्यावर, खिडकी अंगणाकडे उघडते, आणि पलंगाचा एक पाय तोकडा आहे. त्याच्याखाली मी बसचं तिकीट घड्या घालून सरकवलं. खोलीतली दुसरी मुलगी माझ्यापेक्षा बरीच लहान. आल्या आल्या तिने विचारलं, तुम्हाला मावशी म्हणू का. म्हणून तर बघ, म्हटलं. मग दोघी हसत सुटलो.

आईला फोन केला. तिचा पहिला प्रश्न, ठिणगे, कोणाशी भांडलीस का? घरी मला ठिणगी म्हणतात, राग कायम नाकाच्या शेंड्यावर म्हणून. फक्त वॉर्डनशी, म्हटलं, आणि तेही पंख्यावरून.

बारावी झाल्यावर मला कॉलेजात जायचं होतं. आई म्हणाली, आधी धाकट्याचं होऊ दे, मग तुझं. धाकटा शिकला, नोकरीला लागला, त्याचं लग्न झालं, आणि मी आपली औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभी. तो 'मग' यायला सोळा वर्षं लागली. राग आहेच, नाही कशाला म्हणू? पण आता मी इथे आहे, ओळखपत्रावर माझा फोटो आहे, आणि पदवी घेतल्याशिवाय मी इथून हलणार नाही. कोणी हलवून दाखवावं.

५ सप्टेंबर

चार विषय घेतलेत. मानसशास्त्राचे सर कोणी काहीही बोललं की "हं, हं" करतात, म्हणून पोरांनी त्यांचं नाव हंहं ठेवलंय. संख्याशास्त्राच्या त्या सरासरीबाई. समाजकार्याच्या बाईंना सगळे काकू म्हणतात. पहिल्याच तासाला त्यांनी सांगितलं, ज्याच्याकडे कोणी बघत नाही त्याच्याकडे आधी बघायचं, समाजकार्य म्हणजे एवढंच. मला फार आवडलं, वहीत खाली रेघ मारून ठेवलं.

चौथा विषय प्राचीन ग्रीक संस्कृती. याने कुठे नोकरी मिळणार, असं धाकट्याने विचारलं. कुठेच नाही, म्हणूनच घेतला, म्हटलं. जन्मभर उपयोगाचंच करत आले, एक तरी गोष्ट बिनउपयोगाची करू दे की. हा विषय शिकवणारे मडकेसर. निवृत्तीला आलेत, टेबलावर सतत फुटकी मडकी, कोटाच्या बाहीला माती.

चारही तासांना तोच वर्ग, तीच विशीतली पोरं. आतापर्यंत त्यांना दोनदा झापलंय, एकदा रांग मोडली म्हणून आणि एकदा मागे बसून खिदळत होती म्हणून. त्यांनी माझं नाव तिखट ठेवलंय. चालेल.

९ सप्टेंबर

आज धमाल आली. मडकेसरांनी अथेन्सची हद्दपारी करून दाखवली. तिथले नागरिक मडक्याच्या खापरावर नकोशा माणसाचं नाव कोरायचे. ज्याचं नाव सर्वात जास्त, तो दहा वर्षं शहराबाहेर. ना गुन्हा, ना खटला! मात्र पुरेशी मतं पडली नाहीत तर मतदान बाद. सरांनी प्रत्येकाला एकेक खापर आणि खिळा दिला. खापरं खरोखरीची जुनी आहेत, सरांना त्यांच्या सरांनी दिलेली, आणि आधीच्या वर्गांनी कोरलेली नावं घासून पुसट केलेली. आमच्यापुरता नियम असा, की सगळीच्या सगळी खापरं मोजली गेली तरच निकाल.

मी हंहंचं नाव कोरलं. सरांनी खापरं गोळा केली, मोजली आणि हसत जाहीर केलं की एक कमी भरतंय, मतदान बाद, सगळे वाचलात, आता चहा माझ्याकडून. पण मी पहिल्या बाकावर. त्यांनी एक खापर हळूच खिशात टाकलेलं मी पाहिलं होतं. दुकानात मी एका गोळीचा घोटाळा कधी चालू दिला नाही. उठले आणि म्हटलं, सर, ही लबाडी आहे, खिशातलं बाहेर काढा. पोरं बाकं बडवायला लागली. सर हसायचे थांबले. "राहू द्या हो, खेळ आहे," म्हणाले. खेळ असला तरी मोजणी खरीच हवी, मी ठणकावलं. एक नोंद सोडली की सगळं गणित खोटं, हे सरासरीबाईंनी कालच शिकवलंय.

शेवटी त्यांनी ते खापर टेबलावर ठेवलं. ठेवलेलं परत दोनदा उचललं, वय झालंय बिचाऱ्यांचं. निकाल: मी! भरघोस मतांनी! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. सर चहाला थांबले नाहीत.

१५ सप्टेंबर

आज हजेरीत माझं नाव घेतलंच नाही. ऑफिसात तक्रार करायला गेले तर कारकुनाने माझ्या मागे उभ्या असलेल्या मुलाला पुढे बोलावलं. मी काउंटरवर हात आपटला. त्याने पेन उचलून दुसरीकडे ठेवलं. खोलीवर आले तर माझ्या पलंगावर त्या मुलीची ओली चादर वाळत होती. चादर उचलून खाली फेकली. तिने ती उचलली, झटकली आणि परत तिथेच पसरली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

१९ सप्टेंबर

सरासरीबाईंनी वर्गातल्या सगळ्यांची वयं फळ्यावर ठिपक्यांनी मांडली. माझा ठिपका सगळ्यांपासून दूर, एकटा. त्याच्याकडे थोडा वेळ बघून म्हणाल्या, ही नोंद चुकून आली असावी. आणि पुसला. ती नोंद मी आहे, मी उभी राहून ओरडले. बाईंनी खडू झटकला, सरासरी काढली. आता कशी छान जुळली, म्हणाल्या.

आता आलं माझ्या लक्षात. हा हंहंचा प्रयोग आहे. सगळा वर्ग ठरवून खोटं बोलला की एकटा पडलेला माणूस स्वतःच्या डोळ्यांवरही विश्वास ठेवेनासा होतो, हे त्यानेच शिकवलं. तो एकटा माणूस मी. माझी परवानगी घेतली कोणी? सोळा वर्षं थांबून मी इथे यांचा उंदीर व्हायला आले?

२३ सप्टेंबर

हंहंच्या खोलीत गेले. हा चावटपणा बंद करा, म्हटलं. तो पेपर तपासत राहिला. मी त्याचा पाण्याचा ग्लास उचलून त्याच्याच डोक्यावर ओतला. त्याने डोकं पुसलं, वर छताकडे पाहिलं आणि शिपायाला हाक मारून सांगितलं की पाइप गळतोय.

इतकं चांगलं नाटक कोणाला येत नाही.

तिथून काकूंच्या तासाला. फळ्यापुढे त्यांच्या तोंडासमोर उभी राहिले. बघा माझ्याकडे, तुम्हीच सांगितलंत ना, मी ओरडले. त्या माझ्या आरपार वर्गाला सांगत होत्या की ज्याच्याकडे कोणी बघत नाही— मी त्यांची टिपणं टराटरा फाडली. खिडकी लावा रे, वारा सुटलाय, म्हणाल्या.

२६ सप्टेंबर

मडकेसरांना मी दिसते!

दार उघडताच ते रडायला लागले. तुम्ही कशाला हो ते खापर काढायला लावलंत, म्हणाले. ते विद्यार्थी असताना त्यांच्या वर्गातही एकदा सगळी खापरं मोजली गेली होती. निवडून कोण आलं ते त्यांना आठवत नाही. कोणालाच आठवत नाही. बाकावर त्यांच्या शेजारी कोणीतरी बसायचं, डबा वाटून खायचं, एवढंच आठवतं. तेव्हापासून दरवर्षी ते एक खापर खिशात टाकतात.

मग खेळताच कशाला, मी किंचाळले. खाली मान घालून म्हणाले, मुलांना आवडतं. या एका तासासाठी मुलं हा विषय घेतात.

मुलांना आवडतं! यांच्या तासाला गर्दी व्हावी म्हणून माझ्या आयुष्याशी खेळ. आणि मीही शहाणी, हौसेने पायावर धोंडा पाडून घेतला.

उपाय विचारला. त्यांच्या सरांनी एकच सांगितला होता. खापरावरचं नाव कोणीतरी शेवटपर्यंत मोठ्याने वाचलं पाहिजे, की माणूस परत येतो. मी वाचतो, म्हणाले. धडपडत उठले, कपाट उघडलं. आणि उघड्या कपाटासमोर नुसतेच उभे राहिले. हे मी कशाला उघडलं, असं पुटपुटले. मी त्यांचा दंड धरून हलवत होते. त्यांनी दंड चोळला आणि दिवा मालवून निघून गेले.

३० सप्टेंबर

माझी खापरं कपाटातून आणली. सगळ्यांच्या हातात कोंबली. खोलीतली मुलगी, वॉर्डन, कारकून. कोणाला काही दिसत नाही. माती आहे म्हणतात, टाकून देतात. आता मलाही नावाच्या जागी नुसता ओरखडा दिसतो.

घरी फोन केला. धाकट्याने उचलला. हॅलो, हॅलो, कोण आहे. मी घसा फुटेपर्यंत ओरडले. मागून आई विचारत होती, कोणाचा रे? कोणी बोलतच नाही, म्हणाला. ठेवला.

आई वाचेल. आईने वाचलंच पाहिजे. तिच्यामुळे मी सोळा वर्षं—

उद्याची बस.

४ ऑक्टोबर

घरी. भिंतीवरच्या फोटोत मी नाही. माझ्या जागी मागचा पडदा.

आई आणि धाकटा जेवतायत. मी समोर बसलेय, हे लिहितेय. तिसरं ताट नाही.

धाकटा सांगतोय, बायकोला दिवस गेलेत. या वेळी मुलगी हवीय.

आई हसली. म्हणाली, मलाही मुलीची फार हौस होती रे. झाली असती ना, तर आधी तिला शिकवलं असतं.

आधी!

आधी म्हणे—

बशी भिंतीवर फेकली. चिनी मातीची. ठिकऱ्या. मांजर आलं वाटतं, आई म्हणाली. झाडू आणायला गेली.

एक तुकडा उचलला. सरांनी दिलेला खिळा खिशात आहे. नाव— माझं नाव काय? ओळखपत्र कोरं. फोटोसुद्धा—

आई हाक मारते ते आहे. ठिणगी. तीनच अक्षरं. खोल कोरली. बोट कापलं. कापू दे.

तिच्या हातात दिलं.

थांबली ती. झाडू खाली ठेवला. उजेडाकडे धरलंय. चष्मा पुसतेय— पुस, लवकर पुस—

धाकटा हाक मारतोय. आई, मला वाढ ना. नको, जाऊ नकोस, त्याचं नंतर—

ओठ हलले. ठि—

पुढचं वाच, आई. स्पष्ट कोरलंय. पुढचं. तिकडे नको बघू, तो जेवेल, अगं इकडे, एकदा तरी आधी माझं—