मरोद्याचं पाणी

आई, तुला ट्रायथलॉन हा शब्द शेवटपर्यंत म्हणता आला नाही. शेजारच्या बाया विचारायच्या, पोरगी सकाळी सकाळी कुठे पळते, तर तू सांगायचीस, "तिचं ते तीनचं हाय." आधी समुद्रात पोहायचं, मग ओल्या अंगाने सायकलवर बसायचं, सायकल टाकून पळायला लागायचं, आणि हे सगळं एकाच दिवसात, मध्ये कुठेही न थांबता. मी तुला हे समजावलं तेव्हा तू तांदूळ निवडत होतीस. मान वर न करता तू विचारलंस की मध्ये जेवायला देतात का. मी हसले होते. पुढे प्रत्यक्ष त्या दिवशी, पळायच्या टप्प्यावर पाय उचलत नव्हते तेव्हा, इतका शहाणा प्रश्न मला दुसऱ्या कोणी विचारला नव्हता हे कळलं.

तेव्हा आपण अजून मध्य प्रदेशात होतो, पोलाद कारखान्याच्या टाउनशिपमध्ये, सेक्टर दोनच्या क्वार्टरमध्ये. बाबा आजारात गेले आणि त्यांच्या जागी तुला कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये काम लागलं. मी दुर्गच्या एका मुलींच्या शाळेत पीटी शिकवायचे. घरात आपण दोघीच. कॉलेजात मी पळण्यात आणि सायकलीत बक्षिसं घेतली होती, आणि टाउनशिपच्या तरण तलावात बायकांच्या वेळेला पोहायला शिकले होते, त्यामुळे तिन्ही गोष्टी येतात तर एकत्र का करू नयेत, असं माझ्या डोक्यात बसलं. खेळाच्या ऑफिसातले साहेब म्हणाले, "लड़कियों में तो यहाँ कोई करती नहीं, पर जाना है तो जाओ." ते वाईट नव्हते. पण ते 'जाओ' म्हणाले त्यातच कळलं की सोबत कोणी येणार नाही. सराव कसा करायचा ते मी लायब्ररीतल्या एका इंग्रजी मासिकात वाचलं. त्यात लिहिलं होतं की शर्यतीच्या काही दिवस आधी एक आठवडा अंग मोडेपर्यंत काम करायचं आणि मग हळूहळू कमी करत न्यायचं. मी संक्रांतीनंतरचा आठवडा धरला आणि शाळेतून सुटी घेतली.

पहिल्याच संध्याकाळी, तू ड्युटीवरून येऊन शेगडीपाशी बसली होतीस तेव्हा, मी सांगितलं की आता मरोद्याच्या तलावात पोहावं लागेल. तरण तलावाच्या टाकीतल्या निळ्या पाण्यात समुद्राचा सराव होत नाही. तू शेगडीतले निखारे सारखे करत राहिलीस. तुझा भाऊ वैनगंगेत गेला, तू लहान असताना, एवढंच मला माहीत होतं. त्यापुढे तू कधी काही सांगितलं नव्हतंस. आजोळी जाताना गाडी वैनगंगेच्या पुलावर आली की तू डोळे मिटून घ्यायचीस आणि पुलाचा आवाज थांबला की मला विचारायचीस, "गेला का?" तरण तलाव तुला चालला होता, कारण तिथे तळ दिसतो. त्या संध्याकाळी तू भाताचं भांडं खाली उतरवलंस, पदराने हात पुसलेस आणि अगदी हळू म्हणालीस, "वैनगंगेनं एक नेला माह्या घरचा. आता तू तलावात जाऊन राहिली. जा. पण मंग माह्याशी बोलू नको."

मला वाटलं, सकाळपर्यंत निवळशील. पण तू शब्दाची पक्की. दुसऱ्या दिवशी अंधारातच मी पळायला निघाले तेव्हा तू उठून बसली होतीस, आणि तरी काही म्हणाली नाहीस. मी सेक्टरांच्या सरळ रस्त्यांवरून पळत राहिले. धुकं होतं, आणि कारखान्याच्या बाजूचं आभाळ तांबूस दिसत होतं. परत आले तर ताट झाकून ठेवलेलं आणि तू फर्स्ट शिफ्टला गेलेली. संध्याकाळीही तसंच. तू वाढायचीस आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसायचीस. एवढं मात्र लक्षात आलं की भात नेहमीपेक्षा कितीतरी जास्त असे आणि त्यावर तूपही. आपल्या लाइनीत तेव्हा घरोघरी हळदीकुंकू चाललं होतं. बाबा गेल्यापासून तुला बोलावणं येत नसे, आणि लग्नाची राहिलेली पोरगी म्हणून मीही जायचं टाळत असे. त्यामुळे त्या आठवड्यात गल्लीत बायकांचं हसणं ऐकू यायचं आणि आपल्या घरात दोन माणसं असून नुसता चमच्याचा आवाज व्हायचा.

मधल्या एका दिवशी लांबची सायकल होती. मी दुर्ग ओलांडून, शिवनाथचा पूल पार करून राजनांदगावच्याही पुढे गेले. जाताना वारा पाठीला होता, म्हणून मला वाटलं मी फार जोरात आहे. परत फिरले तेव्हा तोच वारा समोरून आला. रस्त्यावर नुसते ट्रक. प्रत्येक ट्रक गेला की सायकल हलायची आणि डोळ्यांत धूळ जायची. राजनांदगावच्या अलीकडे माझ्या पोटरीत असा गोळा आला की मी सायकलसकट कडेच्या गवतात बसले. पाय दाबत बसले होते तेव्हा एक बस थांबली. कंडक्टर म्हणाला, चढ, सायकल वर टाकू. मी नाही म्हटलं. बस गेली आणि रस्ता रिकामा झाला, आणि मला एकदम रडू आलं. दुखत होतं म्हणून नाही. मी घरी जाऊन 'पोटरीत गोळा आला' हे सांगणार कोणाला, हा विचार आला म्हणून. एवढं साधं वाक्य, पण ते ऐकायला त्या आठवड्यात जगात कोणी नव्हतं. घरी पोचले तेव्हा तू दारात उभी होतीस. मला पाहिलंस आणि आत गेलीस.

त्याच्या दुसऱ्या दिवशी मी मरोद्याला गेले. सकाळची थंडी, पाण्यावरून वाफ निघते आहे, आणि लांब एक ढीमर आपल्या डोंग्यात उभा राहून जाळं ओढतो आहे. मी पाण्यात शिरते तर श्वासच तुटतो. टाकीत खाली काळी रेघ असते, तिच्यावरून जायचं. इथे डोळे उघडले तर हिरवं, त्याखाली आणखी हिरवं, मग काहीच नाही. थोडी आत गेले आणि मान वर काढून मागे पाहिलं तर काठ माझ्या समजुतीपेक्षा फार लांब होता. तेव्हा तुझा भाऊ आठवला. त्याचा चेहरा मी कधी पाहिलेला नाही, घरात त्याचा फोटोही नाही. हात उचलेना. पाणी नाकात गेलं. शाळेत मुलींना सांगते तशी मी उताणी झाले, पाठीवर, आणि आभाळाकडे पाहत, पाय मारत, कशीबशी बांधाच्या दगडांना लागले. स्वेटर उलटाच अंगात घातला. तो ढीमर डोंगा घेऊन जवळ आला. म्हातारा होता. म्हणाला, "अकेल्ला झन तउर नोनी, पानी गहिर हे." एकटी पोहू नको, पाणी खोल आहे. मी सायकल उचलली आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी मी उठलेच नाही. गुडघे, खांदे, सगळं ठणकत होतं, आणि त्याहून वाईट म्हणजे मनातून मी शर्यत सोडून दिली होती. समुद्रात जाणार कशी? तू ड्युटीला गेलीस. दुपारी मागच्या अंगणात गेले तर आदल्या दिवशी मी बादलीत फेकलेला पोहायचा पोशाख धुऊन दोरीवर वाळत घातलेला दिसला. त्याला तलावाचं शेवाळ लागलं होतं, ते तू पाहिलं असणार. रस्त्यावरून दिसू नये म्हणून पुढे तुझं लुगडं वाळत घातलं होतंस. तो पोशाख हातात घेऊन मी बराच वेळ उभी होते.

शनिवारी मी पुन्हा गेले ते पोहायला म्हणून नाही. निदान कंबरेपर्यंत उभं राहून यावं, मग घरी येऊन तुला सांगावं की सोडलं, असं ठरवून गेले. धुकं दाट होतं. बांधावर सायकल टेकवली तर काठाला तोच डोंगा लागलेला, आणि त्यात कोणीतरी शाल गुंडाळून खाली तळाशी बसलेलं. ढीमर मला बघून म्हणाला, "दाई बिहनिया ले आके बइठे हे." आई पहाटेपासून येऊन बसली आहे. मी दोन पावलं पुढे गेले तेव्हा तुझी शाल ओळखली. तू दोन्ही हातांनी डोंग्याच्या दोन्ही कडा धरल्या होत्यास. डोंगा अजून जमिनीलाच होता, तरी धरल्या होत्यास.

मी विचारलं, ड्युटीचं काय. तू म्हणालीस, बदलून घेतली. कशी आलीस विचारलं तर म्हणालीस, बसनं, आणि मग पायी. मी म्हटलं, "आई, उतर. तुला भीती वाटते पाण्याची."

"वाटते," तू म्हणालीस. "मंग? तू पोय."

आठवड्याभरानंतर त्या सकाळी तू माझ्याशी पहिल्यांदा बोललीस. मी पाण्यात शिरले. थंडी तशीच होती, श्वास तसाच तुटला. पण ढीमराने डोंगा माझ्या डाव्या अंगाला ठेवला, आणि श्वास घ्यायला दर वेळी तोंड वळवलं की मला ओलं लाकूड दिसायचं, त्यावर तुझी बोटं, आवळून पांढरी पडलेली, आणि वर शाल. सुरुवातीला तुझे डोळे मिटलेले होते. मग केव्हातरी तोंड वळवलं तर ते उघडे होते आणि तू माझ्याकडेच पाहत होतीस. त्यानंतर मी खालचं हिरवं पाहिलंच नाही. तलावाच्या मध्यावर ढीमर दम खायला थांबला. मी डोंग्याची कड धरून तरंगत राहिले. सगळीकडे धुकं, कुठलाच काठ दिसत नव्हता. तू माझ्या कपाळावरचे केस मागे सारलेस आणि म्हणालीस, "माह्या भावाले लय चांगलं पोयता येत होतं. पन त्याच्यासंग कोनी नोहतं."

ढीमराने पुन्हा वल्हं हातात घेतलं. तूच म्हणालीस, "चाल, पोय आता. थंडी वाजून राहिली मले."

परतताना मी सायकल हातात धरून तुझ्यासोबत बसच्या थांब्यापर्यंत चालले. तू सारखी बोलत होतीस. कॅन्टीनमध्ये बेसन कसं खराब आलं, शेजारणीच्या हळदीकुंकवाला कोण आलं कोण नाही, माझ्या चपला कशा झिजल्या आहेत. आठवड्याभराचं बोलणं तुझ्याकडे साठून राहिलं होतं. मीही मग पोटरीतल्या गोळ्याचं सांगितलं. तू थांबलीस, रस्त्यातच वाकलीस आणि माझी पोटरी दाबून पाहिलीस.

शर्यतीला तू आली नाहीस. समुद्र फार लांब, रजा मिळाली नसती, आणि खरं तर तेवढं पाणी तुला पाहवलंही नसतं. लाटांत मी मागे पडले, पण हात थांबले नाहीत. सायकलवर पुष्कळांना गाठलं. पळण्यात मात्र अर्धं चाललेच. मी पोचले तेव्हा तिथले लोक दोऱ्या गुंडाळत होते, तरी एकाने धावत येऊन पाणी दिलं. परतीच्या गाडीने पावर हाउस स्टेशनला उतरले तर तू प्लॅटफॉर्मवर उभी. जेवली का, विचारलंस. मग म्हणालीस, "मधात सोबत होतं का कोनी?" मी सांगितलं की होड्या होत्या. खरंच होत्या. तू मान हलवलीस, माझी पिशवी घेतलीस आणि पुढे चालू लागलीस. दुसऱ्या दिवशी मी डबा द्यायला कॅन्टीनमध्ये आले तेव्हा तू भांडी घासणाऱ्या बाईला सांगत होतीस, "समुंदर में गई थी मेरी लड़की." मला पाहून गप्प झालीस.

मी पुन्हा तसलं काही केलं नाही. लग्न झालं, मूल झालं, शाळा चालूच होती. राज्याचं नाव बदलून छत्तीसगढ झालं आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत तू गेलीस. एक गोष्ट विचारायची राहून गेली. त्या ढीमराला तू शोधलंस कसं? तुला तर छत्तीसगढी धड येत नव्हती. माझं अंग दुखत होतं त्या दिवशी ड्युटी संपल्यावर तू एकटीच तलावावर जाऊन आली होतीस का? काठावर उभं राहून तू काय पाहिलंस, त्याला काय सांगितलंस? आपण एवढं बोलायचो, पण त्या सकाळबद्दल पुन्हा कधी बोललो नाही. आता विचारायला तू नाहीस, आणि तो म्हातारा तर कधीच गेला असेल.

मी आता दुर्गला, मोहन नगरात राहते. नवरा गेल्यापासून एकटी. मुलगा बाहेरगावी असतो, फोनवर हिंदीत बोलतो, चांगला आहे. तुझ्यासारखं 'मले' आणि 'तुले' बोलायला आता कोणी उरलं नाही. म्हणून बघ, तुला लिहितानाही शाळेतलीच मराठी आली. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, तेव्हा एक सांगून टाकते. गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी पाण्यात जायला सांगितलं, म्हणून गेले काही दिवस मी सकाळी टाकीवर जाते. तिथे शिकवणारी एक तरुण मुलगी आहे. पहिल्या दिवशी तिने विचारलं, आंटी, तैरना आता है? मी नाही म्हटलं. तेव्हापासून ती पाण्यात माझ्या बाजूनेच चालते, हात धरून. मी अजून तिला खरं सांगितलेलं नाही.