शिन्बु-सानची शिळा

३ एप्रिल
डोंगरपायथ्याशी नावाची शिळा बसणार आहे, आणि वाडीप्रमुख इशिमोरी तिच्यावर अक्षरांखाली 'कान्बे-यामा' असा उच्चारही कोरायच्या विचारात आहेत. गप्प बसणं अशक्य झालं, म्हणून लिहायला घेतलं. चित्रलिपीतली अक्षरं दोन्ही नावांना तीच, पण खरं वाचन 'शिन्बु-सान'. देवाच्या सेवकांचा डोंगर. शाळेत जन्मभर हेच शिकवलं. वाडीचं म्हणणं, वर कान्बे नावाचा कोळसेवाला राहायचा. म्हणजे डोंगराला कोळसेवाल्याचं नाव! निश्चय: सभेत एकदाच बोलायचं. पुराव्यानिशी.

९ एप्रिल, रात्र
आमचे हे म्हणाले, सभेआधी चार घरी चहा पिऊन ये. साफ नकार दिला. मागल्या दाराने मतं गोळा करणं माझ्या स्वभावात नाही. मग हेच गेले. चहाबरोबर घरोघरची लोणची खाऊन पोट बिघडवून आले. कोण काय म्हणालं ते विचारलं नाही. गरजच नाही.

१७ एप्रिल
सभा. उत्तम बोलले. सगळे माना डोलवत होते. शेजारच्या होसाकाबाई तर डोळे मिटून. इशिमोरी म्हणाले, बाईंचा अभ्यास दांडगा, नीट विचार करू. विरोधात एक शब्द नाही. एकमत म्हणतात ते हेच.

२ मे
पाथरवटाकडे जाऊन अक्षरांचं वळण तपासणार होते. हे म्हणाले, गुडघा दुखेल, राहू दे. काळजी करतात. इतिहास मंडळाने मला अध्यक्षपदावरून 'मानद सल्लागार' केलं. उशिरा का होईना, किंमत कळली.

२० मे, दुपार
शिळेवरचं कापड काढलं. कान्बे-यामा.
सभेतल्या एकमताचं काय झालं, असं मी सर्वांसमोर विचारलं. होसाकाबाई हळूच म्हणाल्या, "अहो बाई, सभेत ऐकून घ्यायचं असतं. ठरतं ते आधी, चहावर. तुमच्या घरून तुमचे हे आले होते की."
ह्यांना विचारलं, तुम्ही काय सांगितलंत?
"कान्बे. माझी आई तेच म्हणायची."

२३ मे
मानद सल्लागाराला खोली नसते, असं आज समजलं. इशिमोरींच्या सूनबाईंकडे सुपूर्त केलं: मंडळाच्या खोलीची किल्ली, शिक्का, शाईची डबी, विजेची मोठी किटली. भाषणाची प्रतही देत होते. कमरेत वाकून म्हणाली, "हातात ओझं फार झालंय बाई, नंतर नेते." किटली पाण्याने भरलेली होती. ती नेली.