पहिली अखाजी आणि बाटलीतला गॅस

८ एप्रिल, जळगाव
टँकमधली झाडं पिवळी पडली. तौसिफच्या फिशच्या दुकानात गेलो. म्हणे, काका, झाडांना कार्बन डायऑक्साइड कमी पडतोय, सिलिंडर लावा. नजर माझ्या खिशावर होती. घरी येऊन व्हिडिओ बघितला. कोल्ड्रिंकची बाटली, गूळ, पाणी, यीस्ट, सलाईनची नळी. झाला गॅस. अक्षय्य तृतीयेला, आपल्या अखाजीला, लेक मयुरी आणि जावई येतायत, लग्नानंतर पहिल्यांदाच. किरणराव वरणगावच्या फॅक्टरीत आहेत. सासऱ्याचंही डोकं बघू देत.

१० एप्रिल
बुडबुडे सुरू. बाटली टँकखालच्या कपाटात, कुलूप लावून. शेजारचे जीवराम नाना कंपाउंडवरून हुंगत होते. विचारलं, काय चाली ऱ्हायनं भाऊ. काही नाही म्हटलं. डिझाइनवर डोळा आहे. सुलक्षणालाही सांगितलेलं नाही. बायकोला सांगितलं की गल्लीला कळलंच.

१४ एप्रिल
बुडबुडे बंद. कोणीतरी हात लावलाय. सुलक्षणा विचारते, गुळाची ढेप कुठे गेली. आजच बरं विचारावंसं वाटलं. सर्दीने डोकं जड. आणखी बाटल्या भरल्या.

१८ एप्रिल
मयुरी, किरणराव आले. सर्दी आजच उतरली, आणि बघतो तर हॉलमध्ये दारूचा वास. काल नव्हता.

१९ एप्रिल, अखाजी
सकाळी जावयांची बॅग हुंगली. टॉवेल हुंगला. काही नाही. म्हणजे गडी मुरलेला आहे. जेवताना आमरस वाढता वाढता विचारलं, रोज घेता की सणावारी? त्यांनी मान खाली घातली. याला कबुलीच म्हणतात. मयुरी भरल्या पानावरून उठली. दुपारच्या बसने दोघं गेले. मांडे तसेच राहिले. लेकीसाठी बापाला कडक व्हावं लागतं.

२० एप्रिल
जावई गेले, वास आहेच. जाताना बाटली इथेच लपवली असणार. सोफा सरकवत होतो, तेवढ्यात सुलक्षणाने किल्ली मागितली. कपाट उघडलं, माझीच बाटली माझ्या नाकाशी धरली.
मग म्हणाली, मयुरीचा फोन होता. किरणरावांना घरात शिरताच वास आला होता. त्यांना वाटलं, रिटायर झाल्यापासून आबा घ्यायला लागले. सासऱ्याची अब्रू जायला नको म्हणून मयुरीलाही गप्प बसवलं. जेवताना मान खाली घातली तीही त्यासाठीच.
फार वाईट वाटलं. तरी शंका येतेच. इतका चांगला जावई आपल्याला कसा मिळाला?

२२ एप्रिल, वरणगाव
माफी मागायला आलो. तोंडी कोण विश्वास ठेवणार, म्हणून पुरावा सोबत घेतला, एक ताजी बाटली. सांडू नये म्हणून नळीचं झाकण काढून साधं झाकण घट्ट पिळलं. भुसावळ सोडल्यावर उन्हाने बाटली टम्म फुगली आणि मांडीवरच फुटली. कंडक्टरने मला मागच्या सीटवर पाठवलं.
दार किरणरावांनी उघडलं. पुरावा सगळा माझ्या शर्टावर होता. म्हटलं, हे झाडांसाठी आहे. त्यांनी दंडाला धरून आत आणलं, खुर्चीवर बसवलं, चपला काढल्या आणि मयुरीला हळूच लिंबूपाणी करायला सांगितलं.