साहेब रजेवर होते

ठकूच्या आईस,

सप्रेम आशीर्वाद. देवाच्या कृपेने मी बरा आहे, खोकलाही थांबला. तुझा गुडघा कसा आहे?

काल ठकूच्या वर्गाची सहल आमच्या म्युझियममध्ये आली. पोर किती उंच झाली गं! तू घातलेल्या वेण्या मी लांबूनच ओळखल्या. मी जिन्याजवळ फरशी पुसत होतो. हाक मारणार, तेवढ्यात तिच्या मैत्रिणीने मलाच विचारलं, "काका, हिचे बाबा इथे मोठे साहेब आहेत ना? कुठे बसतात ते?"

ठकू खाली बघायला लागली. तिचे कान लाल झाले.

मी म्हणालो, "साहेब आज रजेवर आहेत, बाळ. फरशी ओली आहे, जपून जा."

"थँक्यू, काका," असं ठकूच म्हणाली.

तिला रागावू नकोस. तुला काही कळलंय, असंही दाखवू नकोस. डबा संपवला का, एवढंच विचार.

महिनाभर देवाकडे एकच मागत होतो, पोरगी डोळे भरून दिसू दे. त्याने दाखवली. तिने ओळख द्यावी, हे मागायचं माझ्याकडूनच राहिलं.

तुम्ही दोघी सुखात राहा.

तुझा,
ठकूचा बाबा