रिबेका पेट्रीचं खरेदीखत

हेव्हरिल गॅप, वेस्टमोरलंड, जमैका
४ मार्च १९८७

रॅन्सफर्ड,

तुला आणि डॉरिनला येशूची कृपा लाभो. तुझं ख्रिसमसचं कार्ड आणि त्यात घडी घालून ठेवलेलं फर्मान, दोन्ही पोचलं. माझे गुडघे होते तसेच आहेत. तुझी साखर वाढल्याचं डॉरिनने कळवलं, गोड सोड. यंदा नीरफणस भरपूर लागलेत. एवढी विचारपूस पुरे, कारण पुढे जे लिहिणार आहे ते वाचून तू माझी विचारपूस करणार नाहीस.

तू लिहिलं होतंस, "आयसी, तू शिकलेली आहेस, रिकामी आहेस. स्पॅनिश टाउनला जाऊन मृत्युपत्रं आणि जमिनीचे कागद काढ. म्हाताऱ्या जोसाया हेव्हरिलपासून आपल्यापर्यंत सरळ रेघ ओढून आण. गेस्टहाउसच्या दिवाणखान्यात चौकट करून लावायचीय." म्हणजे बर्मिंगहॅममध्ये तीस वर्षं बस चालवून तू परत येणार, आपल्या टेकडीवर गेस्टहाउस बांधणार, आणि भिंतीवर मळेवाल्या गोऱ्याचं नाव लावून त्याच्या खाली बसणार. ठीक आहे. बस.

पण माझं निघायचं ठरेपर्यंत २१ जानेवारी उजाडली आणि तुझ्या वकिलाने पाठवलेल्या बुलडोझरने इमोजीनचं घर पाडलं. तू तिला पत्रात "खालची बाई" म्हणतोस. ती मिस मर्टलची मुलगी आहे, जिच्या चुलीवरची बामी, ती कसाव्याची भाकरी, खाऊन तुझी हाडं भरली. इमोजीनने शिवणयंत्र आणि आईचा फोटो तेवढा बाहेर काढला. मी आपल्या व्हरांड्यात उभी होते. तिने वर पाहिलं नाही. मीही आत निघून गेले.

फेब्रुवारीत मी स्पॅनिश टाउनला चार दिवस काढले. तिथल्या कारकून बाईने पहिल्याच दिवशी विचारलं, "कुणाला शोधताय?"

"पणजोबांच्या बापाला."

"गोरा का काळा?"

"गोरा."

"मग सोपं आहे. गोरे मेले तरी कागद मागे ठेवून मेले. काळ्यांना शोधायचं असतं तेव्हा गोऱ्यांच्याच कागदात शोधावं लागतं, भांड्याकुंड्यांच्या यादीत."

जोसाया हेव्हरिलचं मृत्युपत्र १८१९ चं आहे. पप्पा आयुष्यभर सांगायचा ना, की म्हाताऱ्याने आपल्या पणजोबांना, एडवर्डला, ही टेकडी लिहून दिली? रॅन्सफर्ड, त्यात एडवर्डला वीतभर जमीन नाही. मळा गेला इंग्लंडमधल्या पुतण्याला. एडवर्डबद्दल एवढंच आहे: "फिबा या बाईला झालेला, माझा म्हणवला जाणारा मुलगा एडवर्ड" याला गुलामीतून मुक्त करावं, एक करडा घोडा खोगिरासकट द्यावा, आणि "सदर फिबाची मुलगी क्यूबा, वय सोळा, त्याला व त्याच्या वारसांना कायमची द्यावी."

पुन्हा वाच. दोघांची आई एक. बापाने मुलाला त्याचीच बहीण मालमत्ता म्हणून दिली, घोड्याबरोबर.

तुला वाटेल, त्याने दुसऱ्या दिवशी तिला मोकळं केलं असेल. मलाही वाटलं होतं, म्हणून गुलामांच्या नोंदवह्या काढल्या. १८२० मध्ये मालक एडवर्ड हेव्हरिल, गुलाम एक, क्यूबा. १८२९ मध्ये क्यूबा आणि दोन मुलं. १८३२ मध्ये क्यूबा, "बाप्तिस्म्याचं नाव रिबेका पेट्री", आणि तीन मुलं. पुढे सगळेच सुटले तेव्हा ती सुटली. सरकारने तिच्याबद्दल नुकसानभरपाई दिली ती एडवर्डला.

आता जमीन. १८४६ चं खरेदीखत वहीत उतरवलेलं आहे. हेव्हरिल मळा मोडीत निघाला तेव्हा डोंगराकडची अठरा एकर विकली गेली. उत्तरेला नदी, पूर्वेला सरकारी रस्ता, दक्षिणेला मोठी सावर, पश्चिमेला घळ. चतुःसीमा तुला पाठ आहेत. घेणार रिबेका पेट्री, "पूर्वीची क्यूबा". १८६१ चं तिचं मृत्युपत्रही आहे. जमीन तिच्या मुलांची आणि त्यांच्या मुलांची, कुणी विकू नये. आणि खाली लिहिलंय, "माझा भाऊ एडवर्ड म्हातारा झाला आहे. त्याला मरेपर्यंत वरच्या घरात राहू द्यावं. त्याच्या मुलाबाळांनाही हाकलू नये."

ते वरचं घर म्हणजे आपलं घर. आणि रिबेकाच्या थोरल्या मुलीची नात म्हणजे मिस मर्टल. सगळे बाप्तिस्मे चर्चच्या वहीत पाहिले, एकही कडी सुटलेली नाही.

जमिनीचा दाखला तुझ्या नावावर करायचा अर्ज मागे घे आणि इमोजीनचं घर बांधून दे. खरेदीखतांची वही मी का काढली, हे मात्र मला विचारू नकोस.

आयसिल्डा


बर्मिंगहॅम
१९ मार्च १९८७

आयसी,

तुझं पत्र वाचलं. डॉरिनला वाचून दाखवलं नाही, तिला तुझ्याबद्दल अजून थोडा आदर आहे.

मी तुला वंशावळ आणायला सांगितली होती, तू शिमगा घेऊन आलीस. दीडशे वर्षांपूर्वी कोण कुणाचा मालक होता याच्याशी मला काय करायचंय? एडवर्ड नालायक होता म्हणून मी रस्त्यावर झोपू? या जमिनीवर आजोबांनी कोनफळं लावली, पप्पाने मसाल्याची, पिमेंटोची झाडं लावली, मी इथे बर्फात गाडी चालवून पत्र्यांचे पैसे पाठवले. ज्या छपराखाली बसून तू मला शिव्या लिहितेस त्याचे पत्रे. त्या लोकांनी काय केलं? बामी भाजली.

मिस्टर डेलप्रॅटना फोन केला होता. वकील म्हणतात, कायद्यात वहिवाट चालते. आणि वहिवाटीचा पुरावा काय माहितेय? तुझं प्रतिज्ञापत्र! दोन वर्षांपूर्वी बायबलवर हात ठेवून तूच सांगितलंस की ही जमीन पिढ्यान्‌पिढ्या फक्त हेव्हरिलांची, मर्टलचे लोक आपल्या मेहेरबानीने राहतात, दुसऱ्या कुणाचा हक्क तुला ठाऊक नाही. आता ते फिरवलंस तर खोटी शपथ घेतली म्हणून तूच आत जाशील. एकसष्टाव्या वर्षी. रविवारच्या शाळेतली पोरं बघायला येतील तुला.

आणि वही का काढलीस ते विचारू नकोस म्हणतेस? विचारायची गरजच नाही. मी सहासष्ट साली घरी आलो होतो तेव्हा पप्पाने सगळं सांगितलंय. मर्टलचा कागद त्याच्याकडे कुणी आणून दिला, तेही. तेव्हा मला एडवर्डची लाज शिकवू नकोस, टीचर. तो निदान घोड्यावर बसून फिरला. तुला काय मिळालं?

तोंड बंद ठेव. ऑगस्टमध्ये येतोय.

रॅन्सफर्ड


सॅव्हाना-ला-मार
१२ एप्रिल १९८७

रॅन्सफर्ड,

ईश्वर तुला सुबुद्धी देवो, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. आज माझ्या मनात तुझ्यासाठी प्रार्थना नाही, आणि स्वतःसाठीही नाही. वरचा पत्ता बदललाय, तो नीट लिहून ठेव.

मला काय मिळालं, ते सांगते.

१९५८ साल होतं. मी शाळेतून आले तर मिस मर्टल मागच्या दाराशी उभी. हातात मेणकापडात गुंडाळलेला कागद. म्हणाली, "टीचर, आजीने जाताना दिला होता. हे जुनं हस्ताक्षर आमच्यात कुणाला लागत नाही. काय आहे बघता का?" मी उभ्या उभ्या वाचला, पहिल्या ओळीपासून चतुःसीमांपर्यंत. रिबेका पेट्रीचं खरेदीखत. दुसऱ्यांदाही वाचला, म्हणजे चुकून काही बोलले असं आता म्हणता येणार नाही. मग मी म्हणाले, "जुनी पावती आहे, मिस मर्टल. कुणीतरी गाय विकली होती त्याची."

ती खो-खो हसली. "अगंबाई! तीन पिढ्या गाय उशाशी घेऊन झोपलो की आम्ही!" कागद माझ्याकडेच ठेवून गेली, तिच्या घरात उंदीर फार म्हणून.

पप्पाने तो वाचला आणि कॉफीचं भांडं उकळत होतं त्या चुलीत घातला. माझ्याकडे बघून म्हणाला, "शहाणी पोर." रॅन्सफर्ड, मी बत्तीस वर्षांची होते. त्या दिवसापर्यंत पप्पा मला शहाणी म्हणाला नव्हता. हुशारी, धमक, घराण्याचं नाव, सगळं तुझं. मी फक्त घरात राहिलेली. त्या दोन शब्दांसाठी मी एका बाईची जमीन जाळू दिली. मला हे मिळालं. तुझ्या भाषेत सांगायचं तर घोडासुद्धा नाही.

स्पॅनिश टाउनला मी तुझी रेघ ओढायला गेले नव्हते, आणि सत्य शोधायलाही नाही. इमोजीनचं घर पडताना पाहिलं आणि माझी झोप गेली. कुठे नक्कल राहिली नाही ना, याची खात्री करून घ्यायला गेले. नसती, तर गप्प बसले असते. वही उघडली आणि तोच मजकूर, त्याच ओळी, दुसऱ्या कुणाच्या तरी सुबक अक्षरात समोर आल्या. कारकून बाई म्हणाली, "सापडलं वाटतं! अभिनंदन." मी तिच्याकडून शिक्क्याच्या नकला मागून घेतल्या. का मागितल्या ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं.

तुझं पत्र आलं त्याच दुपारी मी इमोजीनकडे गेले. ती चर्चच्या मागच्या खोलीत राहते. शिवणयंत्रावर कुणाचा तरी कॉन्फर्मेशनच्या विधीचा झगा होता. मी दारातूनच म्हणाले, "तुला काही वाचून दाखवायचंय."

"द्या इकडे. मला येतं वाचता. तुम्हीच शिकवलंत."

तिने खरेदीखत वाचलं. मृत्युपत्र वाचलं. बोट ठेवून, सावकाश, तिसरीत वाचायची तसं. मग मी तिला गायीच्या पावतीचं सांगितलं. पूर्ण सांगितलं, हसण्यासकट.

तिने नकला जुळवून यंत्राच्या कडेला ठेवल्या. मग म्हणाली, "आई मरेपर्यंत ती गोष्ट सांगायची. ख्रिसमसला, बारशाला, विहिरीवर. सगळं गाव हसायचं. मीसुद्धा."

"इमोजीन, मी..."

"तू आता बोलू नकोस, आयसिल्डा."

चाळीस वर्षं ती मला टीचर म्हणत आली आणि अहो-जाहो करत आली. ते त्या क्षणी संपलं.

"तू कोर्टात येशील," ती म्हणाली, "आणि हेच सांगशील. सगळ्या गावासमोर. गायीसकट."

"येईन."

"आणि ते मृत्युपत्रातलं शेवटचं. हाकलू नये म्हणून लिहिलंय ना? तिचं मन मोठं असेल. मी रिबेका नाही."

मी तिच्याशी वाद घातला नाही. तू घातला असतास.

३१ मार्चला आम्ही दोघी बसने इथल्या कोर्टात आलो. शेजारी शेजारी जागा होती, ती दोन रांगा पुढे जाऊन बसली. तुझ्या अर्जावर तिने हरकत नोंदवली. मी नवं प्रतिज्ञापत्र दिलं, की आधीचं खोटं होतं आणि ते खोटं आहे हे मला सही करताना माहीत होतं. की हेव्हरिल त्या जमिनीवर पेट्रींच्या परवानगीने राहिले, मालक म्हणून कधीच नाही. तिच्या वकिलाने मला तीनदा बजावलं की यात माझ्यावर खटला होऊ शकतो. मी म्हणाले, माझ्या भावाने हे आधीच कळवलंय, तो या बाबतीत फार काळजी घेतो. तरुण मुलगा आहे. त्याला हसावं की नाही कळेना.

त्याच आठवड्यात पास्टरना सांगून रविवारची शाळा सोडली. पोरांना तमाशा बघायला यायचं असेल तर येऊ देत, त्यांना मी तोंडाने काही शिकवण्यापेक्षा ते बरं.

काल घर रिकामं केलं. पप्पाची खुर्ची, तुझी शाळेतली बक्षिसं, सगळं जागच्या जागी आहे, काय करायचं ते तिने ठरवावं. माझे कपडे आणि पुस्तकं दोन पेट्यांत मावली. चावी इमोजीनच्या हातात दिली. मला वाटलं होतं, ती म्हणेल, राहा. देवाला फसवता येत नाही म्हणून लिहिते, मी दारात उगाच रेंगाळले. तिने चावी एप्रनच्या खिशात टाकली आणि खिडक्या उघडायला आत गेली.

इथे बाजारामागे एक खोली घेतली आहे. खाली दिवसभर डोमिनोजचा खडखडाट असतो. माझं पेन्शन मला पुरतं. तुझे पैसे पाठवू नकोस. पाठवलेस तर परत येतील.

मिस्टर डेलप्रॅट तुला सांगतील, म्हातारीचं डोकं फिरलंय असं दाखवू. दाखवा. उलटतपासणीत मला १८१९ पासून पुढचं कुठलंही साल विचारा, एकही चुकणार नाही. आणि तू पत्रात मला जे लिहिलंस, पप्पाने सहासष्ट साली तुला सगळं सांगितलं म्हणून, ते पत्र मी तिच्या वकिलाकडे दिलंय. अर्ज करताना तुलाही ठाऊक होतं, हे तू स्वतःच्या हाताने लिहिलंस, त्याबद्दल आभार.

तारीख ९ जूनची लागली आहे. ऑगस्टपर्यंत थांबू नकोस. या पत्राला उत्तरही लिहू नकोस; जे बोलायचं ते न्यायाधीशासमोर उभा राहून बोल. मी पहिल्या बाकावर असेन, तिच्या बाजूच्या. तिने शेजारी बसू दिलं नाही तर उभी राहीन.

कोर्टालाही बदलता येत नाही म्हणून,
तुझी बहीण,
आयसिल्डा हेव्हरिल